खेळाडूंचे पोषणज्ञान कसे मोजावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील क्लबांचे प्रशिक्षक, शाळांतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, आहारतज्ज्ञ आणि क्रीडाशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुद्दाम इथल्या ताटातली घेतली आहेत. मात्र आकडे कुठल्याही मैदानावर लागू पडतील असेच आहेत.

पोषणज्ञान चाचणी नेमके काय मोजते?

खेळाडूला काय *माहीत* आहे, एवढेच. तो काय खातो हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी मागच्या २४ तासांतल्या खाण्याची उजळणी किंवा तीन दिवसांची अन्ननोंद घ्यावी लागते. त्याला काय वाटते, म्हणजे ‘सकाळी खाऊन धावलो तर पोट जड होते’ यासारखे समज, ते वृत्तीच्या प्रश्नावलीचे काम. ही तिन्ही मापे एकाच फॉर्ममध्ये कोंबली की बेरीज निरर्थक होते. ‘तुम्ही रोज न्याहारी करता का?’ या प्रश्नाला बरोबर उत्तर नसते, म्हणून त्याला गुणही देता येत नाहीत. तरीही घरी बनवलेल्या निम्म्या प्रश्नावल्यांत तो सापडतोच.

तयार प्रश्नावली वापरावी की स्वतःची करावी?

आधी तयार असलेली पाहा. सर्वसाधारण पोषणासाठी पार्मेंटर आणि वॉर्डल यांची ब्रिटनमधली १९९९ ची प्रश्नावली जगभर वापरली गेली. तिची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली. पण ती सामान्य प्रौढांसाठी आहे. सामन्याआधी काय खावे, घाम किती गेला, क्रिएटिनसारख्या सप्लिमेंटचे काय, हे त्यात नाही. खेळाडूंसाठी ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठात ट्राकमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘न्यूट्रिशन फॉर स्पोर्ट नॉलेज क्वेश्चनेअर’ तयार केली. तिच्यात ८९ प्रश्न आणि सहा विभाग आहेत: वजन नियंत्रण, स्थूल पोषकद्रव्ये, सूक्ष्म पोषकद्रव्ये, क्रीडापोषण, सप्लिमेंट आणि मद्य. पुढच्याच वर्षी तिची छोटी आवृत्ती आली. ती १२ मिनिटांच्या आसपास भरून होते, मोठीला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ लागतो. सरावानंतर दमलेल्या मुलांसाठी छोटीच बरी.

अडचण अशी की दोन्ही इंग्रजीत आहेत आणि पाश्चात्त्य ताट गृहीत धरतात. त्या जशाच्या तशा वाटल्या तर पोषणाच्या ज्ञानाबरोबर इंग्रजीचेही ज्ञान मोजले जाते. म्हणून मूळ लेखकांची परवानगी घेऊन रूपांतर करा, आणि गाळलेला वा बदललेला प्रत्येक प्रश्न अहवालात सांगा. बदललेल्या प्रश्नावलीचे गुण मूळ प्रश्नावलीच्या गुणांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, हेही त्याच परिच्छेदात लिहा.

मराठीत रूपांतर करताना कुठे घोटाळा होतो?

सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून थोडे सविस्तर.

रीत अशी: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, त्यातला एक पोषणशास्त्र जाणणारा आणि दुसरा न जाणणारा. दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून एक करायचा. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा. जिथे अर्थ सरकला असेल तिथे मराठी वाक्य सुधारायचे. त्यानंतर पाच ते दहा खेळाडूंना एकेकटे बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा आणि विचारायचे, ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग.’ ही शेवटची पायरी सर्वांत स्वस्त, आणि नेमकी तीच गाळली जाते.

या पायरीवर पुढचे शब्द हमखास अडखळतात.

‘भात’. डिचोली-सत्तरीच्या शेतकरी घरातल्या मुलाला भात म्हणजे शेतातले पीकही असते. ताटातले ते शीत. ‘१०० ग्रॅम भातात किती कर्बोदके?’ या प्रश्नाची तर तीन उत्तरे होतात. कच्च्या तांदळात ७५ ग्रॅमच्या वर, शिजलेल्यात २५ ते २८ ग्रॅम, आणि पेजेत पाणी किती घातले त्यावर. ‘शिजवलेले शीत, एक वाटी’ असे लिहा आणि वाटीचे चित्र द्या.

‘डाएट’. बोलण्यात याचा अर्थ वजन कमी करण्यासाठी खाणे आवळणे. ‘तुमचा डाएट कसा असावा?’ याला ‘मी डाएट करत नाही’ हे उत्तर येते. ‘आहार’ किंवा सरळ ‘खाणेपिणे’ लिहावे.

‘चरबी’. अन्नातला स्निग्ध पदार्थ आणि अंगावरची चरबी या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की प्रश्नच दिशाभूल करतो. अन्नातल्यासाठी ‘स्निग्ध पदार्थ’, शरीरातल्यासाठी ‘चरबी’.

‘सप्लिमेंट’. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रोटीन पावडरचा डबा येतो. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या कोणी त्यात धरत नाही. यादी देऊनच विचारा. ‘एनर्जी ड्रिंक’ आणि ‘स्पोर्ट्स ड्रिंक’ यांचाही असाच गोंधळ. पहिल्यात मुख्यतः कॅफिन आणि साखर, दुसऱ्यात साखर आणि क्षार.

शास्त्रीय शब्दांचे काय? गोव्यात बरीच मुले प्राथमिक शाळा मराठी वा कोकणीतून करतात आणि पुढे इंग्रजीतून शिकतात. त्यामुळे ‘कर्बोदके’ हा शब्द मराठी वाचणाऱ्यालाही परका वाटू शकतो आणि ‘कार्बोहायड्रेट’ ओळखीचा. दोन्ही शब्द तिरक्या रेघेने शेजारी ठेवा: कर्बोदके/कार्बोहायड्रेट, प्रथिने/प्रोटीन. शुद्धतेच्या हट्टापायी गुण घालवू नका.

एखादा चांगला प्रश्न कसा दिसतो?

हा घ्या:

*६० किलो वजनाच्या फुटबॉलपटूचा सामना दुपारी ४ वाजता आहे. दुपारी १ वाजता जेवणासाठी यातले सर्वांत योग्य काय?*
*क) दोन वाट्या उकड्या तांदळाचे शीत, बांगड्याचे पातळ हुमण, थोडी भाजी*
*ख) चोरीस-पाव आणि वर भजी*
*ग) मूठभर काजू आणि चार उकडलेली अंडी*
*घ) फक्त सोलकढी, म्हणजे पोट हलके राहील*
*च) माहीत नाही*

उत्तर क. खेळाच्या एक ते चार तास आधी शरीराच्या दर किलोला १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी शिफारस आहे. म्हणजे ६० किलोला किमान ६० ग्रॅम, आणि दोन वाट्या शीत तेवढे सहज देते. खरी कमाई मात्र चुकीच्या पर्यायांत आहे. ख निवडणाऱ्याला तेलकट खाणे (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज) पोटात जास्त वेळ राहते हे ठाऊक नाही. ग निवडणारा ‘प्रोटीन म्हणजे ताकद’ या समजुतीत आहे. शिवाय काजू त्याला प्रथिनांचा खजिना वाटतो. प्रत्यक्षात १०० ग्रॅम काजूत १८-१९ ग्रॅम प्रथिने आणि ४५ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. घ निवडणारा रिकाम्या पोटी खेळणाऱ्यांतला. तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी समजावाव्या लागतील. गुणपत्रिकेत मात्र तिघांपुढे सारखाच शून्य पडतो.

म्हणून पर्याय लिहिताना हवेतून काढू नका. आधी दहा-पंधरा खेळाडूंना तोच प्रश्न पर्यायांशिवाय विचारा. त्यांनी दिलेली चुकीची उत्तरे हेच तुमचे पर्याय. कोणीही न निवडलेला पर्याय पुढच्या फेरीत काढून टाका.

आणखी एक खबरदारी: बरोबर पर्याय सर्वांत लांब नसावा. लिहिणारा नकळत बरोबर उत्तरालाच जास्त तपशील देतो आणि हुशार मुले ते हेरतात. वरच्या उदाहरणातही ही खोड थोडी शिल्लक आहे. घ जरा लांबवला तो त्यासाठीच.

उत्तरसूची कोणत्या आकड्यांवर बांधावी?

अमेरिकन आणि कॅनडियन आहारतज्ज्ञ संघटना व अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांचे २०१६ चे संयुक्त निवेदन अजूनही कामाचे आहे. रोजची कर्बोदके दर किलोला: हलक्या दिवशी ३ ते ५ ग्रॅम, तासाभराच्या मध्यम सरावाला ५ ते ७, एक ते तीन तासांच्या कसून सरावाला ६ ते १०, चार-पाच तासांहून जास्त असेल तर ८ ते १२. प्रथिने १.२ ते २ ग्रॅम. खेळ संपल्यावर पहिल्या दोन तासांत दर किलोला ०.२५ ते ०.३ ग्रॅम प्रथिने. एक ते अडीच तास चालणाऱ्या खेळात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, त्याहून लांबच्या शर्यतीत ९० पर्यंत. हा शेवटचा आकडा पणजीत होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या पोहणे-सायकल-धावणे शर्यतीत उतरणाऱ्यांना विचारावा, अंडर-१७ फुटबॉल संघाला नव्हे.

सामान्य माणसासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेला प्रथिनांचा आकडा दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. दोन आकडे वेगळे का, हाच एक छान प्रश्न होतो. पदार्थांतली पोषकद्रव्ये याच संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांतून घ्या. मोबाइल ॲपवरून घेऊ नका. तिथे बांगड्यासाठी ‘मॅकरेल’ लिहिले की दुसऱ्याच समुद्रातला मासा निघतो.

किती प्रश्न असावेत?

३० ते ४०. त्याखाली विभागवार निष्कर्ष डळमळतात, वर गेले की शेवटचे पान अंदाजाने भरले जाते.

प्रश्नावली भरवशाची आहे हे कसे तपासायचे?

चार गाळण्या लावा.

पहिली तज्ज्ञांची. पाच-सहा जणांना प्रत्येक प्रश्न किती समर्पक आहे ते १ ते ४ मध्ये द्यायला सांगा. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण हा त्या प्रश्नाचा आशयवैधता निर्देशांक. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर ०.७८ च्या खालचा प्रश्न सुधारा किंवा काढा. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचे एकमत हवे. तज्ज्ञांत एक तरी प्रशिक्षक असू द्या. नाहीतर सगळेच प्रश्न वर्गातले होतात, मैदानावरचा एकही नसतो.

दुसरी काठिण्याची. समजा ३० खेळाडूंवर चाचणी घेतली आणि २१ जणांनी बरोबर सांगितले, तर काठिण्य निर्देशांक २१ भागिले ३०, म्हणजे ०.७०. साधारण ०.२ ते ०.८ मधले प्रश्न ठेवतात. ‘पाणी पिणे चांगले का?’ असल्या प्रश्नांना सगळेच बरोबर सांगतात आणि त्यातून काहीच कळत नाही. एखादा अतिसोपा प्रश्न धीर देण्यासाठी सुरुवातीला ठेवायला हरकत नाही.

तिसरी भेदकतेची, म्हणजे प्रश्न जाणकार आणि अजाण यांना वेगळे करतो का याची. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढा. तीसपैकी आठ-आठ. वरच्या आठांतले ७ आणि खालच्या आठांतले ३ बरोबर असतील तर (७ वजा ३) भागिले ८, म्हणजे ०.५०. उत्तम. ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न संशयास्पद. उणे आला तर बहुधा उत्तरसूचीच चुकली आहे किंवा हुशारांना वाक्यात दुसरा अर्थ दिसतो आहे. प्रश्न टाकण्याआधी त्या हुशारांनाच विचारा.

चौथी स्थैर्याची. तोच गट, तेच प्रश्न, दोन आठवड्यांनी पुन्हा. मधल्या काळात पोषणावर काहीही शिकवायचे नाही आणि उत्तरेही सांगायची नाहीत. दोन्ही वेळच्या गुणांतला सहसंबंध ०.७ च्या वर हवा. अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का हे पाहण्यासाठी, बरोबर किंवा चूक एवढेच गुण असलेल्या प्रश्नांना कुडर-रिचर्डसन २० हे सूत्र वापरतात. एक्सेलमध्ये जमते. इथेही ०.७ हीच प्रचलित रेघ. पण तीस जणांवर काढलेला हा आकडा हलका असतो, तो दगडावरची रेघ समजू नका.

जमले तर पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक गट आणि दुसऱ्या शाखेचा एक गट यांनाही द्या. पहिल्यांना ठळक जास्त गुण पडले नाहीत, तर प्रश्नावली भलतेच काही मोजते आहे.

‘माहीत नाही’ हा पर्याय कशाला? मुले तोच टिक करत सुटतील.

काही करतील. तरी ठेवाच. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी चारातला एक बरोबर येतो, बरोबर-चूक प्रश्नात तर दोनातला एक. म्हणजे बरोबर-चूक प्रकारच्या ४० प्रश्नांत काहीही न येणारा २० गुण घेऊन घरी जातो.

त्याहून मोठे कारण वेगळे. ‘माहीत नाही’ म्हणणारा आणि खात्रीने चुकीचे सांगणारा, हे दोन निराळे खेळाडू. पहिल्याला सांगितले की पुरते. दुसऱ्याच्या डोक्यात आधीच कोणीतरी काहीतरी बसवले आहे, जिमवाल्याने, मोठ्या भावाने, रीलने. ते आधी काढावे लागते. म्हणून तक्त्यात तीन रकाने करा: बरोबर, चूक, माहीत नाही. संघाच्या सरासरीपेक्षा मधला रकाना नीट वाचा.

उणे गुण देऊ नका. त्याने धीट आणि भित्रे यांच्यातला फरक मोजला जातो.

चाचणी घ्यायची कशी? मैदानावर चालेल?

चालेल, पण सरावानंतर नको, आधी. बसायला जागा, प्रत्येकाला पेन आणि दोघांत हातभर अंतर. फुटबॉल संघाला पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर एकाआड एक पायरी सोडून बसवले तरी भागते. सुरुवातीला एकच सूचना: ‘ही परीक्षा नाही, निवडीशी संबंध नाही, येत नसेल तर माहीत नाही लिहा.’ वेळ २० मिनिटे. फोन एका पिशवीत.

प्रशिक्षकाने तिथे थांबू नये. तो मागे हात बांधून उभा असेल तर मुले स्वतःला माहीत असलेले नव्हे, सरांना आवडेल ते लिहितात. प्रश्न वाचून दाखवायची वेळ आली तर आवाजात चढउतार न करता, पर्यायांसकट वाचा. समजावू नका.

संघ लहान असेल तर नमुना निवडायचा खटाटोप नको, सगळ्यांनाच द्या. जखमी, राखीव आणि त्या दिवशी न आलेले यांनाही नंतर गाठा. नेमके तेच वेगळे असतात.

गुगल फॉर्मवर पाठवला तर?

सोय आहे, पण घरून भरला की व्हॉट्सॲप गटावर उत्तरे फिरतात. शक्यतो सर्वांना एकत्र बसवूनच फोनवर भरून घ्या आणि पर्यायांचा क्रम आपोआप बदलता ठेवा. ‘माहीत नाही’ मात्र शेवटीच राहायला हवा.

१४-१५ वर्षांच्या मुलांना हीच प्रश्नावली चालेल?

मोठ्यांसाठीची तशीच नको. मद्याचा विभाग वेगळा लिहा, वजन घटवण्याचे प्रश्न कमी करा आणि कॅलरी मोजायला लावणारे काढून टाका. वाढत्या वयात, विशेषतः मुलींना, अशा प्रश्नांतून भलताच संदेश जातो. संशोधनासाठी असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती आणि १२ ते १८ वयात मुलाची स्वतःची लेखी तयारी, दोन्ही लागतात. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे.

किती गुण म्हणजे चांगले?

ला ट्रोबच्या प्रश्नावलीत ५० टक्क्यांखाली कमी, ५० ते ६५ साधारण, ६६ ते ७५ चांगले आणि त्यावर उत्कृष्ट असे टप्पे वापरतात. हे सोयीचे कप्पे आहेत. ६५ आणि ६६ मध्ये कोणतीही भिंत नाही. स्वतः बनवलेल्या प्रश्नावलीला हे टप्पे डकवणे तर सरळ चुकीचे, कारण तिचे प्रश्न अवघड की सोपे हे तुम्हीच ठरवलेले असते. सरासरी, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत) आणि विभागवार टक्के द्या. सगळ्यात वर सर्वाधिक जणांनी खात्रीने चुकवलेले पाच प्रश्न लिहा. प्रशिक्षक तेवढेच वाचतो, आणि तेवढे पुरेसे असते.

व्याख्यानानंतर गुण वाढले. सुधारणा झाली म्हणायची?

गटासाठी कदाचित. एकट्या खेळाडूसाठी आधी मापाची चूक काढा. समजा प्रमाण विचलन १२ टक्के आणि दोन आठवड्यांनी तपासलेले स्थैर्य ०.८४ आहे. १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला १२ ने गुणले की ४.८. ही मापनाची प्रमाण त्रुटी. खरा बदल म्हणायला साधारण १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी) गुणिले १.४१ (दोन चाचण्यांची चूक मिळून, २ चे वर्गमूळ) गुणिले ४.८, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर फरक हवा. ४८ वरून ५५ वर गेलेल्या मुलाचे कौतुक जरूर करा, पण अहवालात त्याला ‘सुधारणा’ लिहू नका.

व्याख्यान संपल्या संपल्या घेतलेली चाचणी कानात उरलेले शब्द मोजते. सहा आठवड्यांनी, तोच आशय पण वेगळी उदाहरणे असलेले प्रश्न घेऊन तपासा.

खेळाडू बहुतेक कुठे चुकतात?

पाण्यापासून सुरुवात करू. एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीवर हवेत इतका दमटपणा असतो की घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि अंग थंड होत नाही. इथे ‘तहान लागली की प्यावे’ आणि ‘जितके जास्त तितके चांगले’ ही दोन्ही टोके ऐकू येतात. हिशेब करायला लावणारा प्रश्न द्या. सरावाआधी वजन ६२.४ किलो, नंतर ६१.२, मध्ये ६०० मिलिलिटर पाणी प्यायले, वेळ दीड तास. घाम किती गेला? वजनाची घट १.२ आणि प्यायलेले ०.६, एकूण १.८ लिटर, म्हणजे तासाला १.२ लिटर. घट मूळ वजनाच्या १.९ टक्के. २ टक्क्यांच्या पुढे खेळ खालावू लागतो, म्हणजे हा मुलगा उंबरठ्यावर आहे. भरपाई घटलेल्या प्रत्येक किलोला १.२५ ते १.५ लिटर, म्हणजे दीड ते १.८ लिटर, हळूहळू. इथली ठरलेली चूक म्हणजे प्यायलेले पाणी मिळवायला विसरणे. दुसरी, घामाने जड झालेल्या जर्सीसकट वजन करणे. तिसरी, घटलेल्या वजनाएवढेच पाणी पुरेसे मानणे. लघवीवाटे जाणारे कोणी धरत नाही.

आडसराचे, म्हणजे शहाळ्याचे पाणी हा गोव्यातला लाडका पर्याय. पोटॅशियम भरपूर, पण घामातून मुख्यतः जाते ते सोडियम, आणि ते त्यात कमी. ‘शहाळ्याने घामातली सगळी भरपाई होते’ हे विधान बरोबर-चूक विभागात ठेवून पाहा. नाकारायला सांगितलेले विधान असे ओळखीचे आणि प्रिय असले की खरी परीक्षा होते. चिमूटभर मीठ घातलेली पेज तिथे चांगले काम करते. आजीला हे ठाऊक होते, फक्त तिला कोणी प्रश्नावली दिली नाही.

त्यानंतर कर्बोदकांची भीती. ‘शीत खाल्ल्याने सुस्ती येते, म्हणून सोडले.’ ६० किलोच्या खेळाडूला मध्यम सरावाच्या दिवशी ३०० ते ४२० ग्रॅम कर्बोदके लागतात. शीत, पोई, पाव सगळे बंद करून तिथपर्यंत पोचून दाखवा म्हणावे.

प्रथिनांत उलट चूक. गरज फुगवून सांगितली जाते आणि ती फक्त डब्यातूनच भागते असे वाटते. त्याच खेळाडूला ७२ ते १२० ग्रॅम पुरतात. १०० ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८.

लोहाचा प्रश्न लहानसाच, पण मुलींच्या संघात ठेवाच. जेवल्याबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते, लिंबू पिळले तर वाढते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम, पुरुषाची १९.

मद्याबद्दल कमी विचारले जाते, कारण विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. गावच्या स्पर्धेनंतर बिअर चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्नायूंची दुरुस्ती, पाण्याची भरपाई आणि झोप, तिन्हींवर मद्याचा परिणाम होतो. त्यावर एकेक प्रश्न पुरे. ‘हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) घरची, म्हणून अपाय नाही’ हा समज मात्र पर्यायांत असू द्या.

सप्लिमेंट आणि डोपिंगचे प्रश्न पोषणाच्या चाचणीत घालावे का?

घालावेच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची (वाडा) प्रतिबंधित यादी दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. प्रतिबंधित द्रव्य शरीरात सापडले की जबाबदारी खेळाडूची, ‘डब्यावर लिहिले नव्हते’ हा बचाव नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) परवाना म्हणजे डोपिंगमुक्तीचे प्रमाणपत्र नव्हे. ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’ लिहिलेल्या डब्यातही भेसळ निघू शकते. या चार विधानांवर चार प्रश्न करा. पाचवा कॅफिनवर. २००४ पासून ते प्रतिबंधित यादीत नाही, फक्त वाडाच्या देखरेखीखाली आहे. हे ऐकून पुष्कळ प्रशिक्षकही चमकतात.

शाकाहारी खेळाडूंचे, श्रावणाचे आणि मासेबंदीचे काय?

प्रश्न ज्ञानाचा हवा, सवयीचा नको. ‘तू मासे खातोस का’ यावर गुण अवलंबून असता कामा नयेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण आणि चतुर्थी. म्हणजे पावसाळी सराव चालू असताना अनेक घरांतून ताजे नुस्ते दिसेनासे होते. ‘या काळात प्रथिने कशातून?’ हा प्रश्न सर्वांनाच लागू. पर्यायांत अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, दूध-दही, अंडी, सोयाबीन हे बरोबरच्या बाजूने, आणि फक्त साबुदाणा किंवा फक्त काजू हे चुकीच्या. नाचणी कॅल्शियमच्या प्रश्नात आणा. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम असते.

प्रशिक्षकांचीही चाचणी घ्यावी का?

हो, आणि आधी त्यांचीच. खेळाडू आहाराबद्दल पहिल्यांदा त्यांनाच विचारतो. दोन्ही निकाल शेजारी ठेवले आणि संघाची व प्रशिक्षकाची चूक एकाच पर्यायावर पडली, तर व्याख्यान कोणासाठी ठेवायचे ते कळते. निकाल त्यांना एकट्यालाच द्या.

गुण उत्तम, पण खाणे वाईट. मग चाचणीचा उपयोग काय?

ज्ञान आणि खाणे यांचा संबंध असतो, पण सैल. पेडण्याहून पहाटेची बस धरून सरावाला येणाऱ्या मुलीला न्याहारीचे महत्त्व तोंडपाठ असेल, चूल पाचला पेटत नसेल. अशा वेळी गुण चांगले असणे हीच उपयोगी माहिती आहे. व्याख्यानावरचा खर्च वाचवून सरावाच्या जागी केळी, उकडलेली अंडी आणि दूध ठेवायला हवे, हे त्यातून दिसते. शेवटच्या पानावर गुण नसलेला एक मोकळा प्रश्न ठेवा: ‘माहीत असूनही तुला काय जमत नाही, आणि का?’

एक गोष्ट मात्र चाचणीवर सोडू नका. गुण भरपूर, वजन घटत चाललेले, पाळी चुकलेली, सारखी हाडांची दुखापत, अशी खेळाडू दिसली तर ती ऊर्जेच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यावर २०१४ पासून निवेदने काढली आहेत, ताजे २०२३ चे. तिला डॉक्टरांकडे पाठवा. अशा खेळाडूला पोषणाबद्दल बरेचदा सगळ्यांत जास्त माहिती असते.

तीच प्रश्नावली दरवर्षी वापरता येईल?

दोन वर्षे, फार तर. पहिल्या वर्षानंतर कागद परत घ्या, उत्तरसूची वाटू नका, चुकांवर तोंडी बोला. ६० प्रश्नांचा साठा करून दरवेळी त्यातले ३५ काढले, आणि दहा प्रश्न दरवर्षी तेच ठेवले, तर तुलनाही करता येते. भरलेल्या कागदांवर नावाऐवजी क्रमांक टाका. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी निवड समितीच्या कपाटात ठेवू नका.